मधलं नाव

कोल्हापूर,
ऑक्टोबर २००४

प्रिय सलोमी,

सलाम. आपल्या ख्रिस्ती मंडळीतही एकमेकांना सलामच म्हणतात हे कळल्यावर तुझ्या सासूबाई हसल्या होत्या म्हणे, तेव्हा त्यांनाही माझा तोच सलाम सांग. मुबशिराला आजीचे पापे. आजऱ्याचा पाऊस थांबला का? इथे थांबला, पण भिंतींची ओल अजून गेलेली नाही आणि तुझ्या भाच्याची सर्दी जायचं नाव घेत नाही. अमोस त्याला रोज वाफ देतो आणि पोरगं रोज गल्ली डोक्यावर घेतं. पत्र बघून घाबरू नकोस. फोन करता आला असता, पण शेजारच्या रत्नव्वांच्या घरात उभं राहून बोलायचं म्हणजे सगळ्या गल्लीला सांगायचं. दुसरंही कारण आहे, ते ओघात येईल. आधी मला मन मोकळं करू दे.

आपल्या घरी मोठं पवित्रशास्त्र आलंय, हे तुला मागे सांगितलं होतं. गेल्या नाताळाच्या तोंडावर पप्पांनी आणलं. जुना करार संपतो आणि नवा सुरू होतो तिथे मध्ये काही जाड, कोरी पानं आहेत. एकावर ‘जन्म’ छापलंय, एकावर ‘विवाह’, एकावर ‘मृत्यू’. पप्पांना त्या पानांनीच वेड लावलं. म्हणाले, आपल्या घराण्यात कुणी कधी काही लिहून ठेवलं नाही, आजोबांचा बाप कोण म्हटलं की गाडी अडते, तर आता मी सुरुवात करतो. जन्मभर लोकांच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आता आपल्या घरची रंगवतो. मला बरंच वाटलं. फ्लेक्सचे बोर्ड आल्यापासून दानीएल पेंटरला विचारतो कोण? दिवसभर घरात बसून माझ्या फोडणीला नावं ठेवायचे, त्यापेक्षा हे परवडलं.

पण तुझे पप्पा म्हणजे कीस काढणारा माणूस. जन्माच्या पानावर पहिलं नाव स्वतःचं लिहायला घेतलं आणि तिथेच अडले. शाळेच्या दाखल्यावर एक जून. माझ्याही दाखल्यावर एक जून, तुझ्या आत्याच्याही. त्या काळच्या मास्तरांनी अख्ख्या गावाला एकाच दिवशी जन्माला घातलेलं. मी म्हटलं, लिहा की एक जून, खरी तारीख देवाला ठाऊक आहे. तर म्हणाले, ‘शास्त्रात अंदाजपंचे लिवायचं न्हाई.’ मग जयसिंगपूरला आत्याकडे खेपा घातल्या, मंडळीचं जुनं रजिस्टर काढायला लावलं, त्यात बाप्तिस्मा शोधला. एवढं करून निघालं काय, तर आपण समजत होतो त्याहून ते वर्षभराने म्हातारे आहेत. त्या दिवशी नीट जेवलेसुद्धा नाहीत.

मग आलं विवाहाचं पान. वरती आमचं लग्न, असं देखणं अक्षर की मला पुन्हा नवरी झाल्यासारखं वाटलं. त्याखाली तुझी पाळी, कारण तू थोरली आणि तुझं लग्न अमोसच्या आधीचं. पप्पांनी एक ओळ सोडली आणि तिच्याखाली अमोसचं लग्न लिहिलं. मी शाईची बाटली धरून शेजारीच उभी होते. त्या कोऱ्या ओळीकडे बघून आतडं तुटलं गं. तुझं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते झालं नाही, पाच वर्षांत या घराची पायरी तू चढली नाहीस, मी तुला भेटते ती एस.टी. स्टँडच्या बाकड्यावर, आणि आता देवाच्या पुस्तकातूनही तुला वगळलं. मुसलमानाशी लग्न, तेही चर्चमध्ये नाही, कचेरीत, हे त्यांना रुचलं नव्हतं हे मला ठाऊक होतं. पण लेकीचं नाव तरी लिहायचं. मी पाळकसाहेबांना मध्ये घातलं. ते चांगलं तासभर समजावून गेले आणि हे खाली मान घालून बसले, हो नाही की नाही नाही. त्या ओळीवरून आमची भांडणं होतच राहिली. एकदा मी म्हटलं, तुम्हाला जमत नसेल तर मी लिहिते, माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं असलं तरी देवाला वाचता येतं. त्यांनी शास्त्र कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात घातली.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. तुझ्या सासऱ्यांनी सांगितली असेल तर ठाऊक नाही, मला वाटतं त्यांनीही सांगितली नसेल. तुमचं लग्न झाल्यावर त्याच आठवड्यात ते आपल्या दारात आले होते. परीटघडीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात काजूची पिशवी. उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, ‘मी मुनव्वरचा बाप.’ आपल्याकडे वाटसरू पाणी मागायला आला तरी पावणं कुठलं, नाव काय, असं विचारून त्याला टेकायला जागा देतात. पप्पांनी काही म्हणजे काही विचारलं नाही. उठले आणि आतल्या खोलीत गेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन येईपर्यंत तुझे सासरे पिशवी पायरीवर ठेवून गल्लीच्या तोंडाशी पोचले होते. म्हाताऱ्या माणसाला मागून हाक मारायची तर काय म्हणून मारू, तेही सुचलं नाही. काजू मी नाताळात करंज्यांत घातले. पप्पांनी मिटक्या मारत खाल्ले आणि यंदा सारण फक्कड झालंय म्हणाले. मी म्हटलं, व्हय, सामान चांगल्या घरचं आहे.

आता वाईट बातमी. पप्पांचा उजवा हात कापतो. तुला कळू द्यायचं नाही असं मला बजावलंय, पण मी त्यांचं कधी ऐकलंय? सुरुवातीला कपबशी वाजायची, तेव्हा वयाचं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. मग दाढी करताना कापायला लागलं. मिरजेला दाखवलं, तर कंपवात निघाला. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी थोडा आळा बसेल, पण हात पहिल्यासारखा होणार नाही, आणि पुढे वाढतच जाईल. बांबूच्या पायाडावर उभं राहून, दोरी न लावता पुरुषभर उंचीची अक्षरं सरळ काढणारा माणूस. त्याच्या सदऱ्याची बटणं आता मी लावते. ते काही बोलत नाहीत. मीच दोघांच्या वाटचं बोलते आणि मग भांडी घासायच्या निमित्ताने मोरीत जाऊन रडते.

गेल्या रविवारी उपासनेहून आल्यावर त्यांनी आपणहून शास्त्र बाहेर काढलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काहीतरी गिरवत बसले. मी चहा घेऊन गेले आणि बघते तर तुझं नाव. सलोमी दानीएल सातपुते. पुन्हा पुन्हा लिहिलेलं, वाकडंतिकडं, एक वेलांटी पार खाली घसरलेली. त्याच्या खाली ‘मुनव्वर’, मग मोठी मोकळी जागा, मग ‘अत्तार’. मान वर न करता मला म्हणाले, ‘जावयाच्या बापाचं नाव काय गं?’

त्यांच्या तोंडून जावई हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आनंद व्हायला हवा होता, तर मला असा संताप आला की चहा तसाच आदळला. म्हटलं, एवढंच विचारायचं होतं तर इतके दिवस माझा जीव का खाल्लात? तेव्हा म्हणाले, ‘आधी राग हुता म्हणून ओळ सोडली. राग गेल्यावर लिवाय बसलो, तर मधलं नावच ठाऊक न्हाई. पुरा मजकूर हातात आल्याबिगार मी ब्रश बुडवत न्हाई, तुला ठाऊक हाय. आन् इचारायचं कुणाला? दारात आलेल्या माणसाला इचारलं न्हाई मी.’ पण मला तरी ते नाव कुठे ठाऊक होतं? तुझ्या सासूबाईंचं, मेहरुन्निसाबाईंचं, नाव मला पाठ आहे, त्यांच्या गुडघेदुखीसकट. पण सासऱ्यांना तू नेहमी अब्बाच म्हणतेस. अब्बा बाजारला गेले, अब्बांनी मुबशिराला सायकल आणली. अमोस म्हणाला, इलाही असावं, कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय. पप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने पोराला वाफ द्यायला गेला.

तर हे पत्र त्यासाठी. फोनवर नको म्हणाले. ऐकीव नावावर कधीकाळी एका किराणा दुकानाची पाटी चुकली होती, ती त्यांना अजून खुपते. नाव लेखी हवं, काना-मात्रेसकट. सकाळची गोळी लागू पडली की थोडा वेळ हात ताब्यात राहतो. तेवढ्या वेळात ते रोज आंघोळ करून, पेन भरून, विवाहाचं पान उघडून बसतात, आणि हात पुन्हा थरथरायला लागला की पान मिटतात. मला ते बघवत नाही, सलोमी, आणि अशा सकाळी आता फार उरलेल्या नाहीत. तू चिठ्ठीवर नाव लिहून पाठवलंस तर ओळ भरेल. पण माझं ऐकशील तर चिठ्ठी पाठवू नकोस. पहिल्या गाडीने तुम्ही सगळे या, आणि अब्बांना घेऊन या. नको म्हणतील, त्यांना तेवढा हक्क आहे. तरी हाताला धरून आण. दार वाजलं की मी जागची उठणार नाही, पप्पांनाच उघडू दे. नावही त्यांनाच विचारू दे.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
आई