देवाने दोनदा उजवा दिला

दादा,

मी म्हापशाच्या पहिल्या बसने निघाले आहे. इस्पितळात भरती होऊन गुडघ्यावरची गाठ काढून घेणार. वहिनीवर ओरडू नकोस, तिला काहीच ठाऊक नाही.

गोवा घटक राज्य झालं त्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं: मांसात रक्तवाहिन्यांचा गुंता झालाय, कॅन्सर नाही, पण वाढत गेला तर गुडघा वाकणार नाही. तू म्हणालास, देवाला विचारतो. येऊन सांगितलंस, डावा कौल मिळाला, म्हणजे कापायचं नाही. मी ऐकलं. अख्खा हंगाम लंगडत काजूचे बोंडू वेचले. आता मला खाली बसताही येत नाही.

काल देवळात भटमामा विचारतात, "हर्षा, ऑपरेशन जालें मगो? देवान दोनदां उजवो दिल्लो." दोनदा उजवा मिळूनही तू तिसऱ्यांदा विचारलंस, आणि डावा तेवढा घरी आणलास! व्रण दिसला तर स्थळ मोडेल, ही भीती तुझी. ती देवाच्या नावावर का खपवलीस?

रविवारी डिचोलीची माणसं मला बघायला येतील. त्यांना चहा दे आणि खरं सांग, की मुलगी इस्पितळात आहे आणि गुडघ्याच्या वर वीतभर व्रण राहणार आहे. त्यांना कौल लावायचा असेल तर लावू देत. फक्त एकदाच विचारायला सांग.

हर्षा