मोसेसेला समजावताना

हाआपाई, ४ मे

प्रिय कालोलाइनेताईस,
पेनीचा सप्रेम सलाम, वि. वि.

ताई, पाद्री होऊन इतकी वर्षं झाली, पण मोसेसेसारखा हट्टी माणूस मी पाहिला नाही. जानेवारीत त्याची होडी उलटली आणि त्याच्या शेजारच्या लेसिएलीबाईंचा लग्नाच्या वयाचा मुलगा फिनाउ बुडाला, हे तुला कळवलंच होतं. वारा बघून सगळे नको म्हणत होते, तरी यानं होडी काढली. स्वतः वाचला. तेव्हापासून नीरफणसाच्या झाडाखाली बसून असतो. मासेमारी नाही, चर्च नाही.

देव क्षमा करतो हे सांगून सांगून माझा घसा बसला. काल तर मला म्हणाला, की पाद्रीबाबा, देवानं माफ केलं असेल, पण देवाचं घर लेसिएलीच्या शेजारी नाही. माझं आहे. रोज दार उघडलं की तिला मी दिसतो. गावाचंही तेच. प्रार्थनेत सगळे त्याच्यासाठी गळा काढतात, पण त्याच्या होडीत कुणी पाय ठेवत नाही.

मला तर वैताग आलाय. प्रकृतीला जप, आणि या भावाला विसरू नकोस.
तुझा पेनी

नुकुअलोफा, १३ मे

चि. पेनीस,
अ. आ.

पत्र वाचून मीच वैतागले. चार महिने तू मोसेसेच्या कानीकपाळी ओरडतोयस, आणि जिचा मुलगा गेला तिच्याबद्दल अख्ख्या पत्रात धड दोन ओळी नाहीत. लेसिएलीकडे गेला होतास का? अंत्यविधीला गेलो होतो, असं सांगू नकोस. लहानपणापासून तुझं हेच, समोरच्याचं तोंड उघडायच्या आत तुझं भाषण संपायला हवं.

जा तिच्याकडे. आणि जाऊन गप्प बस, जमलं तर. घरात सगळ्यांना माझे आशीर्वाद, तुलाही, लायकी नसली तरी.
तुझी ताई

हाआपाई, २ जून

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

गेलो होतो. बाई चटई विणत होत्या. न बोलता बसलो, पण शेवटी राहवलं नाही आणि क्षमेचा विषय काढलाच. त्या म्हणाल्या, की देवानं मोसेसेला माफ केलं असं तुम्ही गावभर सांगत फिरताय. मला कुणी विचारलं? मी खाली मान घालून परत आलो. रागही आला, खोटं कशाला बोलू.

गेल्या मंगळवारी त्या काळ्या कपड्यांत, रीतीप्रमाणे कमरेला शोकाची मोठी चटई गुंडाळून किनाऱ्यावर आल्या आणि मोसेसेला बोलावणं पाठवलं. तो गुन्हेगारासारखा येऊन उभा राहिला. बाई म्हणाल्या, माझा मुलगा गेला ती जागा मी अजून पाहिली नाही, मला तिथं ने. तो हात जोडून म्हणाला, माझ्या होडीतून नको. त्यांनी विचारलं, मग कुणाच्या? जागा तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?

सोबत येऊन प्रार्थना करतो, असं मी म्हटलं. बाईंनी सांगितलं, तुम्ही इथंच थांबा.

दुपारी दोघं परतली. मोसेसेचे डोळे सुजले होते. मी न राहवून बाईंना विचारलं, माफ केलंत का? त्या अशा वैतागल्या, ताई. म्हणाल्या, आज केलं. उद्या उठून पुन्हा करावं लागेल, परवाही. त्याला काय सांगायचं ते माझं मी बघते. तुम्ही देवाकडे माझ्यासाठी बळ मागा. मग वळून मोसेसेला म्हणाल्या, शुक्रवारी माझी रताळी बाजाराला न्यायची आहेत, उशीर करू नकोस.

शुक्रवारी त्या चढल्या, तेव्हा त्यांच्यामागून आणखी दोघी बायका टोपल्या घेऊन होडीत बसल्या.

काल रविवारी मोसेसे चर्चमध्ये आला, मागच्या बाकावर बसला. मी क्षमेवर बोलायला उभा राहिलो आणि लेसिएलीबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी प्रवचन निम्म्यावर आटोपून सरळ गाणं सुरू करायला सांगितलं. मागून मोसेसेचा खर्जातला आवाज आला. आवाज बसलेला होता, पण सुरात होता.

तुझं म्हणणं बरोबर होतं, हे एकदाच लिहितोय. लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझा पेनी