पापा नहा रहे हैं

बाबा, तुम्ही शिकवलेलं खोटं मी अजून बोलते, आणि परवा ते माझ्याच अंगाशी आलं.

आई गेल्यावर दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आपण दोघंच. शाळेतून आले की तुम्ही ऑफिसातून येईपर्यंत मी एकटी. एकदा दारावर आलेल्या माणसाला मी सरळ सांगून टाकलं, "घर पे कोई नहीं है, पापा शाम को आते हैं." ते कळलं आणि तुमचा आवाज असा चढला की शेजारच्यांनी रेडिओ बंद केला. "एकटी आहेस म्हणून दवंडी पिटतेस? कोणीही विचारलं तरी एकच सांगायचं. पापा नहा रहे हैं. म्हण!" मी रडत रडत म्हटलं. मग तुम्हालाच हसू आलं आणि तुम्ही पोहे भिजवायला घेतलेत.

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. आता मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये मी एकटी राहते, केस पिकायला लागलेत, तरी दारात डिलिव्हरीवाला असो की इंटरनेटवाला, माझं आपलं तेच. मैत्रीण चिडवते, "यार, किती आंघोळ करतात तुझे बाबा! जलसमाधी घेतलीय का?"

परवा ऑफिसात असताना कुरिअरवाल्याचा फोन आला. "मॅडम, पार्सल अंकलजी को दे दिया."

"कौन अंकलजी?"

"वही, जो नहाते रहते हैं. दरवाज़ा ज़रा-सा खोला, गीला हाथ बाहर निकाला."

घरी कशी पोचले देव जाणे. दाराला कुलूप होतं, मी सकाळी लावलेलं. आत चपलांशेजारी पार्सल, त्यावर ओल्या बोटांचे ठसे. बाथरूमची फरशी ओली. कपाट, दागिने, सगळं जागच्या जागी.

बाबा, मी तशीच खाली जाऊन गार्डला म्हटलं, घरात कोणीतरी शिरलं होतं. त्यानं विचारलं, "आपके साथ और कौन रहता है?" कोणी नाही, एवढंच सांगायचं होतं. तो वर आला असता, पोलिसांना बोलावलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "पापा."

तो हसला. "तो फिर पापा ही होंगे, मॅडम."

हे पत्र पाठवायचं नाहीच. गंमत म्हणून पाकिटावर पत्ता लिहायला घेतला, तर हात याच फ्लॅटचा नंबर लिहायला लागला. पाकीट फाडून टाकलं. आत कोण आहे मला ठाऊक नाही, आणि फार भीती वाटते. पण एक कबूल करते. काल आणि आज ऑफिसला निघताना मी गीझर चालूच ठेवला.