पोह्यांतला खडा

रामला, इस्राएल, ४ नोव्हेंबर १९७१

चि. डिना हिस अनेक आशीर्वाद व शालोम,

आम्ही दोघं खुशाल आहोत. कारखान्यात तुझी पाळी बदलली का, ते कळव.

आपल्या मराठी त्रैमासिकासाठी पाठवलेली गोष्ट पोचली. इसवी सन दोन हजारातलं शहर आणि तिथल्या सरकारने उपमांवर घातलेली बंदी, ही कल्पना आवडली. पण गोष्ट सांगणारी म्हातारी फारच स्वयंपाकघरातलं बोलते. 'आमचा साहेब म्हणजे मलिद्याच्या पोह्यांत राहिलेला खडा' असं छापलं तर शिकलेले वाचक हसतील. अशी सगळी वाक्यं मी लाल पेन्सिलीने काढून भाषा साफ केली. गोष्टीतला सरकारी साहेब मात्र छान बोलतो. म्हातारीलाही त्याच वळणावर आणलं आहे. हनुका सणाच्या अंकात घेतो.

सिम्हामामी म्हणते, वाळवंटात थंडी पडली असेल, स्वेटर घाल.

तुझा शौलमामा

येरुहाम, ११ नोव्हेंबर

ती. शौलमामांस डिनाचा सप्रेम शालोम, वि. वि.

पाळी बदलली नाही. स्वेटर घातला आहे. आता भांडते.

मामा, माझ्या गोष्टीतला साहेब करतो काय? लोकांच्या बोलण्यातल्या उपमा काढून टाकतो, म्हणजे कोण कुठल्या घरचं ते कळू नये. तुम्हीही तेच केलंत. साहेब कोरडं बोलतो, कारण त्याने कधी कुणासाठी नारळ खवलेला नाही. भोंगा वाजला की म्हातारी 'दूध उतू गेल्यासारखी' धावते, कारण तिचा जन्म चुलीपाशी गेला. ते वाक्य काढलं की ती बाई राहत नाही, नुसता नंबर उरतो. इथे मुकादम मला नंबरानेच हाक मारतो. नाव घेईपर्यंत मी वळून बघत नाही.

तेव्हा छापायची तर लिहिली तशी, नाहीतर परत पाठवा. मान तुमचा मोठा, पण म्हातारी माझी आहे.

मामीला शालोम. रागावलात तरी लोभ आटू देऊ नका.

डिना

रामला, २८ नोव्हेंबर

चि. डिना हिस आशीर्वाद व शालोम,

तुझं पत्र वाचून फार राग आला. परवा मंडळातल्या सॅम्युएलच्या नव्या घरी देवाचे आभार मानायला मलिदा होता. बायका पोहे निवडत बसल्या होत्या. माझंच बरोबर हे दाखवायला मी दुरुस्त केलेली गोष्ट वाचून दाखवली. सिम्हामामीने विचारलं, हे कोण सांगतंय, साहेब की बाई? मग तुझं मूळ वाचलं. खड्याच्या वाक्यापाशी तिचा हात पोह्यांतच थांबला. म्हणाली, ही तर आपली डेझी बोलतेय.

तुझी आई जाऊन वर्ष झालं. सख्ख्या बहिणीचा आवाज मला ओळखू आला नाही, उलट मी तो शुद्ध करायला बसलो. फार लाज वाटली, डिना.

आमच्या मंडळाचे चिटणीस अव्राहाम म्हणत होते, जागा कमी आहे, म्हातारीचं बोलणं थोडं छाटा. मी सांगितलं, संपादक म्हणून माझं नाव छाटा, तिची एक ओळ निघणार नाही. गोष्ट जशीच्या तशी छपाईच्या स्टेन्सिलवर चढली आहे. लाल पेन्सिल मामीने किराण्याच्या यादीला घेतली.

स्वेटर घालत जा. आणि मुकादमाने नाव घेईपर्यंत वळू नकोस.

तुझा शौलमामा