एकाच लग्नाचा माणूस

धाकट्या झोटिकसा,

आपल्या ख्रिस्ती मंडळीनं बिशप म्हणून तुला निवडलं. माझं नाव निघालंच नाही, कारण दुसऱ्यांदा लग्न केलेल्याला ते आसन मिळत नाही. आपल्या दोघांच्या बायका एकाच तापात गेल्या. मी मेलितेनीशी लग्न केलं, तू एकटा राहिलास.

सभेत म्हातारा कार्पोस म्हणाला, "याची पोरं बघा, किती वळणाची! ज्याला घर सांभाळता येतं, तोच मंडळी सांभाळेल."

मी बसल्या जागी जळत होतो. तुझी पोरं माझ्या घरात वाढली. त्यांच्या उवासुद्धा मेलितेनीनं काढल्या, म्हणून तुला दुसरं लग्न करावं लागलं नाही.

घरी ती म्हणाली, "अहो, तोंड का पाडलंय? भाऊजींना मान मिळालाय!" मग हळूच विचारलं, "माझ्यामुळे तुमचा हुकला ना?"

"काहीतरीच तुझं," मी म्हणालो.

हे पत्र मी पाठवणार नाही. उद्या तुला बिशप करताना तुझ्या डोक्यावर हात ठेवतील, तेव्हा साऱ्या मंडळीनं "योग्य आहे!" असं म्हणायचं असतं. मीही म्हणेन, मोठ्यानं म्हणेन. फक्त त्या वेळी मी बायका उभ्या असतात तिकडे, मेलितेनीकडे बघत असेन.

तुझा थोरला,
त्रोफिमस