बाई वरूनही विचारतात आणि खालूनही

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे काही अंगं मनातल्या मनात टेकवली आहेत, गोड मानून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजी अजून रेडिओवरच्या बातम्यांशी भांडतात का? मी उत्तम आहे. उत्तम म्हणजे, ही गेल्यापासून जसा असतो तसा.

माझं काम तुला ठाऊकच आहे. तळघरात बसून कवळ्या बनवायच्या. समोरच्या फळीवर दिवसभर ओळीने लोक हसत असतात, फक्त त्या हसण्यामागे माणसं नसतात. मध्यंतरी मी त्यांच्याशी बोलायला लागलो. मला त्यात काही वावगं वाटेना, पण ज्यांच्यासाठी मी काम करतो ते दातांचे डॉक्टर (भला माणूस, फक्त घाई फार) घाबरले आणि मला एका मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे सोडून आले.

या बाई दोन शास्त्रं एकत्र चालवतात. आधी वकिलासारखी विचारांची उलटतपासणी. माझ्या डोक्यात सारखं येतं की आपण कुणाला नको आहोत. बाई म्हणतात, पुरावा द्या. मी म्हटलं, फोन वाजत नाही. बाई म्हणाल्या, तुम्ही कुणाला केलात का? (इथे मी खिडकीबाहेर बघितलं.) हे आटोपलं की त्याच बाई आवाज खाली आणतात आणि स्वप्नं, लहानपण, अबोध मन असं करत खोल उतरतात. मी माझं स्वप्न सांगितलं: लांबलचक टेबल आणि भोवती नुसत्या कवळ्या. "काय म्हणत होत्या?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "तोंडात बसवल्याशिवाय त्या बोलत नाहीत." बाईंनी हे लिहून घेतलं. त्यात लिहून घेण्यासारखं काय होतं, देव जाणे.

मग एक प्रयोग ठरला. रविवारी दुपारी जिन्यातल्या सगळ्यांना चहाला बोलवायचं, आणि काय होईल त्याचं भाकीत आधी करून ठेवायचं. माझं भाकीत, कुणीही येणार नाही. आधी झालंही तसंच. मी कप मांडून दाराच्या भिंगाला डोळा लावून उभा, आणि वरच्या मास्तरीणबाई चपला हातात घेऊन, पाय न वाजवता खाली उतरून गेल्या. पुष्कळ वेळाने बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे निवृत्त बसड्रायव्हर, अंगात बनियन, टक्कल ओलंचिंब. मी भिंगात गुंतलेला असताना स्वयंपाकघरातला नळ वाहतच राहिला होता, आणि पाणी झिरपून थेट त्यांच्या डोक्यावर! भांडायलाच आले होते बिचारे. आम्ही दोघांनी मिळून फरशी पुसली. मग त्यांनी एकट्याने सगळी बिस्किटं संपवली आणि दिवे लागेपर्यंत सुनेची गाऱ्हाणी सांगितली. जाताना म्हणाले, "पुढच्या रविवारी नळ बंद ठेवा. मी तसाही येईन."

बाई खूश. भाकीत खोटं निघालं! मीही हसलो. तेवढ्यात त्यांनी हळूच विचारलं, की भिंगाला डोळा लावून उभे होतात तेव्हा तुम्ही केवढे होतात? प्रश्न विचित्रच, पण ताई, मला उत्तर येत होतं. तू नर्सिंग शिकायला गेलीस ना, तेव्हा होतो तेवढा. शनिवारी ताई येणार असं आई म्हणायची, आणि मी भांग पाडून खिडकीत बसायचो. तुला ऐन वेळी ड्यूटी लागायची. मग आई म्हणायची, पुढच्या शनिवारी. (तुझा यात काडीचा दोष नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. भांग मात्र मी रात्री झोपतानाही मोडू द्यायचो नाही.) बाईंसमोर मी रडलो. कवळ्या बनवणाऱ्याने तोंड एवढं उघडून रडू नये. बाई म्हणाल्या, वरचा विचार खोटा आहे हे तुम्हाला पटलंय, पण खाली खिडकीत बसलेल्या मुलाला ते अजून कुणी कळवलेलं नाही. दोन्हीकडे जावं लागेल. म्हणून जातोय.

बाकी सगळं झकास. ड्रायव्हरसाहेब येतात. मास्तरीणबाई हल्ली चपला पायात घालून उतरतात, हेही काही कमी नाही.

तुझा धाकटा

ता. क. खिडकीचं भाऊजींना सांगू नकोस, जन्मभर चिडवतील.

आणखी एक, राहिलंच होतं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघालाय, ऑपरेशन करायचंय. किरकोळच असतं म्हणे. दवाखान्यात विचारलं, बरोबर घरचं कुणी येणार आहे का? अशा वेळी मी नेहमी "कशाला उगाच" म्हणून मोकळा होतो. या खेपेला कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "हो, मोठी बहीण आहे ना."

बोलून तर बसलोय, ताई. येतेस?