लांडगेराजाचे आजोबा

प्रिय बाबा,

काल जुई शाळेतून नाचतच आली. "आई, आय ॲम द बॅड गाय अगेन!" नव्या नाटकातली चेटकीण तिने स्वतः मागून घेतलीय. हे ऐकून सगळ्यांत जास्त हसला असतात तुम्ही. मग तुम्हाला कळवल्याशिवाय कसं राहवेल?

तुम्ही नागपूरहून इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला आलात, तेव्हा ती तिसरीत होती. ग्रीक पुराणातल्या गोष्टीचं नाटक, आणि हिच्या वाट्याला दुष्ट राजा! पाहुणा म्हणून आलेल्या देवाला तो माणसाचं मांस वाढतो, देव चिडून त्याचा लांडगा करतो. पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. तिला प्रिन्सेस व्हायचं होतं.

"राजकन्या नुसती उभी राहते, बेटा," तुम्ही म्हणालात. "लांडगा व्हायला जिगर लागते!"

मग बेसमेंटमध्ये तालीम सुरू. पाठ कशी वाकते, बोलता बोलता शब्दांची गुरगुर कशी होते... गुडघे दुखत असताना तुम्ही कार्पेटवर रांगत होतात! भीमजयंतीच्या नाटकांत तुम्ही सावकार रंगवायचात, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं का नाही सांगितलंत? आणि माझ्या चांगल्या शालीचं शेपूट केलंत, ते विचारायचं तरी!

प्रयोगात नेमकी लांडगा व्हायच्या वेळी जुई गोठली. आवाजच फुटेना. कोणीतरी फिदीफिदी हसलं. आणि तुम्ही, कोट-मफलर घातलेले, खुर्चीतून उठून लांडग्यासारखी अशी काही आरोळी ठोकलीत, की शेजारच्या बाईंची कॉफी सांडली! मग स्टेजवरून जुईने असं उत्तर दिलं, की सगळा हॉल लांडग्यांचा झाला.

परतताना गाडीत मात्र तुम्ही गंभीर. "लांडगा होऊन राजा सुधारला का? उगाच लांडग्याची बदनामी! आपल्याकडे बोटांची माळ घालणारा दरोडेखोरसुद्धा बुद्धांना भेटून माणूस झाला."

मागून जुई म्हणाली, "दॅट्स अ बेटर एंडिंग, आजोबा."

ऑपरेशनचं लपवलंत, त्याचा राग आहे हं अजून. फोनवर काय, तर "मस्त आहे मी!" असं असतं का बाबा? मी आले असते ना, निदान शेवटचं भेटायला!

आईचा व्हिसा झालाय. विमानाला घाबरते म्हणून तेव्हा तिला घरी ठेवून आलात. आता एकटी निघालीय, बघा! तिला इथे एकटं वाटू देणार नाही, शब्द देते. चेटकीण आत्ताच विचारतेय, आजीला टोकदार टोपी शिवता येईल का? येईल ना हो?

जय भीम.

तुमची लेक,
संगीता